शुभाच्या बरण्या

गिऱ्हाईक बाईंनी बरणी हातात घेतली न घेतली तोच शुभा इंग्रजीत म्हणाली, "झाकण जरा हलतं हं तिचं. पहिल्याच खेपेची आहे."

बाईंनी बरणी अलगद फळीवर ठेवली, हसून आभार मानले आणि शेजारची, नंदाने ठसे उमटवलेली ओढणी विकत घेऊन गेल्या.

दार बंद झाल्यावर नंदाने कपाळाला हात लावला.

"यार शुभा, तू विकतेयस की कस्टमरला परत पाठवतेयस?"

"खोटं कसं बोलू? हलतंच ते."

"आणि माझ्या ओढणीवरचा ठसा सरकलाय, ते?"

"तेही सांगितलं की. म्हटलं, हाताचं काम असंच असतं, मशीनला हे जमायचं नाही."

शुभा हे अगदी मनापासून बोलली होती. दुसऱ्याचं कौतुक करायला ती कधी कमी पडत नसे. स्वतःचं काही निघालं, की आधी खोट सांगायची. साताऱ्याला तिची आईही 'यंदा पाक बिघडलाच हो' म्हणतच लाडवांची ताटली पुढे करायची. तिथे ते शोभून जायचं, कारण पाहुणा 'छे, छे' म्हणत आणखी दोन उचलायचा. इथे अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये, 'छे, छे' म्हणायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. लोक बिचारे सांगितलेलं खरं मानत.

हे सहकारी दुकान सहाजणींनी मिळून काढलं होतं. भाडं वाटून, गल्ल्यावर पाळीपाळीने. नवऱ्याच्या, रवींद्रच्या, व्हिसावर काम करता येत नसल्याने कित्येक वर्षं घरात काढल्यावर २००५ साली शुभाचं ग्रीन कार्ड आलं, आणि कम्युनिटी कॉलेजच्या भट्टीत भाजलेल्या बरण्या तिने इथल्या फळीवर मांडल्या. नियम सगळ्यांना सारखाच होता: तीन महिन्यांत एकही वस्तू गेली नाही, तर फळी दुसरीला. शुभाचे तीन महिने आज संपत होते. नियम करताना तिनेच सगळ्यात आधी हात वर केला होता. पण ती फळी तिला हवी होती, फार हवी होती. या देशात तिच्या एकटीच्या नावाची तेवढीच जागा होती.

"आता तुझ्या बरण्या मी विकणार," नंदा म्हणाली. "तू तोंड उघडायचं नाहीस." आणि डबा घेऊन ती मागच्या खोलीत जेवायला गेली.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले. सगळं दुकान फिरून झाल्यावर नेमके बरण्यांपाशी थांबले आणि त्यांनी एक उचलली.

"नंदा!" शुभाने हाक मारली. "अगं, बाहेर ये ना जरा!"

आतून डब्याचं झाकण वाजलं. नंदा काही आली नाही.

गृहस्थांनी बोटाने झाकण हलवून पाहिलं.

"हलतंय."

शुभाने पुढे होऊन झाकण उचललं, थोडं फिरवलं आणि टेकवलं. ते घट्ट बसलं.

"असं ठेवलं की बसतं."

"तुम्हाला बरं माहीत!"

"मी केलीय ही."

पुढचं सगळं जिभेवर तयार होतं. तळाशी रंग जाड झालाय, पलीकडची हिच्यापेक्षा बरी आहे, उगाच हौस म्हणून केलीय. शुभाने ओठ मिटून घेतले. गृहस्थ झाकण काढत होते, फिरवून बसवत होते, पुन्हा काढत होते. त्यांना त्यात गंमत वाटायला लागली असावी. नुसतं गप्प राहणं इतकं कठीण असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"नीट गुंडाळून द्या," ते म्हणाले. "माझ्या बहिणीला न्यायचीय."

ते गेल्यावर नंदा हात पुसत बाहेर आली. तिने आधी फळीकडे पाहिलं, मग शुभाकडे.

"गेली? काय सांगितलंस गं त्यांना?"

"काही नाही," शुभा म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं.