मुसळ काही पडेना

लंकाबाई हरली तर तिने सायकलवर बसून खाली गंगेवरच्या रामकुंडापर्यंत जायचं, आणि गोरक्ष हरला तर त्याने जन्मभर आकाशाबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही, अशी पैज लागली. अख्खी गल्ली लंकाबाईच्या बाजूने. त्यात तिच्यावरचा विश्वास थोडा, गोरक्षचा कंटाळा फार.

पंचवटीतल्या त्या गल्लीच्या तोंडाशी गोरक्षचं सायकलचं दुकान. पंचेचाळिशी उलटलेला गडी, पण खोड जात नव्हती. कुणी पंक्चर काढायला आलं की हा ट्यूब पाण्यात आणि गिऱ्हाईक प्रश्नात बुडवायचा. पृथ्वी फिरते ना, मग मी जागच्या जागी उडी मारली तर खाली दिंडोरी का येत नाही? चंद्रावर हवा नाही, मग तिथे पंक्चर काढल्यावर ट्यूबमध्ये भरायचं काय? रॉकेटात म्हणे वजनच नसतं. मग तिथे कांदेवाल्याने काटा मारायचा कसा? शाळेत शास्त्र शिकवणारे निवृत्ती मास्तर हल्ली दोन गल्ल्यांचा वळसा घालून घरी जायचे.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत ते मोठं सूर्यग्रहण आलं. वर बघाल तर डोळे जातील, असं जो तो सांगत होता. गल्लीत मात्र डोळ्यांपेक्षा मुसळाची चर्चा जास्त. लंकाबाई मसाले कांडून विकायची. दर ग्रहणाला तिच्या घरी पितळी परातीत पाणी घालून मुसळ उभं करत. ते उभं आहे तोवर ग्रहण. पडलं की सुटलं. मग गंगेवर अंघोळ, मग चूल. पंचांग, रेडिओ, घड्याळ, सगळं त्या मुसळाच्या खालचं.

गोरक्षने एवढंच विचारलं होतं की, दार लावून घरात उभं केलेल्या लाकडाला वरची बातमी सांगतं कोण? खालचं कडं सपाट आहे, म्हणून उभं राहतं. ग्रहण सुटलं तरी राहील. त्यावरून वाजलं. मुसळाला हात लावेल तो हरला, असंही ठरलं. पण ग्रहण सुटलं हे कोण ठरवणार, ते काही ठरलं नाही. दुनियेचे प्रश्न विचारणाऱ्याने नेमका हाच विचारला नाही.

दुपारी सगळी गल्ली लंकाबाईच्या माजघरात कोंबून बसली. खिडक्यांना गोणपाट. मधोमध परात, परातीत मुसळ, ताठ. कोपऱ्यात लंकाबाईची लेक सिंधू, आठवा महिना लागलेली. पोटुशी बाईने ग्रहणात पाय सरळ ठेवून बसायचं, काही चिरायचं नाही, तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वेध लागले तसं सकाळपासून ती तशीच होती.

रेडिओने ग्रहण सुटल्याचं सांगितलं. मुसळ उभंच.

गोरक्षने मिशीला पीळ दिला. लंकाबाई शांतपणे म्हणाली, "सुटलेलं नाही. मुसळ उभं आहे."

गोरक्षने रेडिओ दाखवला. ती म्हणाली, तो दिल्लीत बसतो, त्याला नाशिकचं काय ठाऊक. बाहेर शेजारच्या गल्लीतले लोक न्हाऊन, ओले पंचे खांद्यावर टाकून परतत होते. लख्ख ऊन पडलं होतं. कुणाच्या तरी घरातून भज्यांचा वास आला आणि माजघरातल्या सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या. शेजारचा मल्हारी तर, ग्रहणात जायचं नसतं म्हणून, ग्रहण लागल्यापासून मोरीकडे जायचा थांबला होता; तो आता एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर करत होता. त्याने हात जोडून मुसळालाच पड म्हणून विनवलं.

मुसळ काही पडेना. मग गल्ली गोरक्षवर उलटली. तूच खाली पंक्चरचं सोलुशन लावलं असणार, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच तो निर्दोष होता, आणि तेही कुणाला पटेना. जिंकत होता, पण पोटात कावळे ओरडत होते. लंकाबाई भिंतीला टेकून बसलेली. हरली असती तर पुढच्या ग्रहणाला तिच्या दारात कुणी आलं नसतं, आणि तिला ते माहीत होतं.

दिवेलागणीला सिंधूने हळूच हाक मारली. "आई, पायात गोळे आलेत गं."

लंकाबाईने लेकीकडे पाहिलं, मग मुसळाकडे. तिच्या पायाचा अंगठा परातीपासून वीतभर लांब. जरासा धक्का लागता, तर कुणाला कळलंही नसतं. गोरक्षला ते दिसलं. त्याने स्वतःच गुडघा पुढे सरकवला. मनात म्हटलं, आपणच पाडावं, गेले प्रश्न तर गेले.

"गुडघा मागे घे," लंकाबाई म्हणाली. "तुझी भीक नको मला."

मग ती उठली, तांब्या भरला आणि लेकीच्या हातात दिला. "पी. सुटलंय."

मुसळ उभं होतं. मल्हारी पहिला दार उघडून पळाला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत जत्रा. गोरक्षने बायकांची सायकल धुऊन, पुसून, तेल घालून आणली. तोंडदेखलं म्हणाला की जाऊ द्या, झालं ते झालं. लंकाबाईने त्याला असं पाहिलं की त्याने निमूट सीट खाली केली. नऊवारीचा कासोटा सायकलला सोयीचाच, ती चढली. गोरक्षने मागून कॅरियर धरलं. मागे सगळी गल्ली, सिंधू दारात, आणि पोरं, कुत्री, कोपऱ्यावर लगाम खेचून थांबलेले टांगेवाले. दोनदा ती मल्हारीच्या अंगावर गेली, एकदा केळ्यांच्या गाडीवर. शिव्या मात्र तिने गोरक्षला दिल्या.

गंगेकडचा उतार लागला तशी सायकल जरा सरळ धावू लागली.

"अरे गोरक्ष," ती पुढे बघतच ओरडली, "ही उभी केली की पडते आणि पळवली की पडत नाही. का रे?"

गोरक्षने तोंड उघडलं. पंचवीस वर्षं सायकली दुरुस्त करत होता, आणि हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. विचार करण्याच्या नादात कॅरियर कधी सुटलं ते त्यालाही कळलं नाही. लंकाबाई एकटीच घंटी वाजवत रामकुंडाकडे निघाली होती, आणि समोरचे भटजी सोवळं सावरत बाजूला होत होते.