क्रेनवालीचं रक्त

बंदरावर कंटेनर उचलणाऱ्या क्रेनवर ती एकोणीस वर्षं होती. सगळे तिला घार म्हणायचे, कारण इतक्या उंचावरूनही तिला खाली पडलेला सुटा बोल्ट दिसायचा. आईला विसरण्याचा आजार जडला आणि एका सकाळी तिने लेकीलाच "बाई, तुम्ही कोण?" असं विचारलं. त्याच आठवड्यात घारीने इस्पितळातल्या संशोधनासाठी आईचं आणि स्वतःचं रक्त दिलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं.

"शरीर साखरेतून ताकद काढतं, त्या कामाला एक एन्झाइम लागतं," त्या म्हणाल्या. "ते बनवणाऱ्या जनुकात तुमच्या आईकडे एक फरक आहे. तोच तुमच्यातही आहे. अशा लोकांत अल्झायमर जरा जास्त दिसतोय."

"म्हणजे मला होणारच?"

"मुळीच नाही. धोका थोडा जास्त, एवढंच. कित्येकांना होतही नाही."

घारीने ही गोष्ट फक्त थोरल्या भावाला सांगितली. दादा त्याच बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायचा. रक्त द्यायची वेळ आली तेव्हा त्याने सबबी सांगून अंग काढून घेतलं होतं.

दोनच दिवसांत साहेबांनी तिच्याकडून क्रेनची चावी मागून घेतली. "उद्यापासून ऑफिसात बसा. पगार तोच. तुमच्या डोक्याचा काय भरवसा?"

ती तडक दादाकडे गेली.

"तू सांगितलंस?"

"तुझ्याच भल्यासाठी. वरून काही निसटलं तर? आईची दशा बघतेयस ना?"

"मीच बघतेय. तू महिन्यातून एकदा डोकावतोस." दादा मान खाली घालून चार्जिंगची केबल गुंडाळत राहिला. "आणि मी काही आभाळातून पडले नाही, दादा. आपण एकाच पोटचे. तुझं रक्त काय म्हणतं, विचारलंस कधी त्याला?"

दुसऱ्या दिवशी ती हेल्मेट घालूनच साहेबांच्या खोलीत शिरली.

"मला खाली का उतरवलं, ते लेखी द्या."

"कारण तुम्हाला माहीत आहे."

"मग लिहायला कसली लाज? लिहा, न झालेल्या आजाराची शिक्षा दिली म्हणून. आणि हा नियम असेल तर सगळ्यांना लावा. पहिलं रक्त तुमचं काढू."

दारात जमलेले कामगार खो खो हसले. साहेब वरमले. मग म्हणाले, "बरं, परीक्षा द्या."

"देते. पण पाचही क्रेनवाले देतील. सारखीच."

शुक्रवारी वारा अंगावर येत होता. नजर, हात, आठवण, सगळं तपासलं. घार दुसरी आली. पहिला आला तो निवृत्तीला टेकलेला म्हातारा, आणि त्याने पुढचा आठवडाभर तिला चिडवून जीव नकोसा केला. साहेबांनी चावी पुढे केली, पण तिने हात पुढे केला नाही. "आधी पत्र. रक्ताच्या रिपोर्टवरून कुणाला कामावरून हलवणार नाही, असं." अर्ध्या तासाने सहीचं पत्र आलं.

दादाने अजून रक्त दिलेलं नाही. दर रविवारी मात्र तो आईला भरवायला येतो. घारीने त्याला पुरतं माफ केलेलं नाही, पण ताट वाढते.

तिला भीती वाटत नाही असं नाही. कधी वर केबिनमध्ये एखादा साधा शब्द जिभेवर येता येता अडतो. तेव्हा ती मोठ्याने म्हणते, "मेल्या, यायचं तेव्हा ये. आत्ता मी कामात आहे." आणि पुढचा कंटेनर उचलते.