एकशे तेरा नंबरची दाढ

"एकशे आठ," इलिंका म्हणाली. "शार्कचा दात, दोन्ही बाजूंना छोटी टोकं. बरोबर." तिनं यादीवर खूण केली आणि काडेपेटी बाजूला ठेवली. "मास्तरांचं अक्षर काय सुरेख होतं हो, काकू."

"अक्षराला कधी कुणी नावं ठेवली नाहीत," सावेता म्हणाली आणि खुर्चीत आणखी थोडी पुढे सरकली. खुर्चीचा तिला आता नावापुरताच आधार उरला होता.

रकीता गावच्या शाळेत सात मुलं उरली होती, म्हणून शाळा बंद होणार होती आणि शाळेतलं काचेचं कपाट सिबिउ शहरातल्या म्युझियममध्ये जाणार होतं. कपाटात दोनशे बारा काडेपेट्या. पेटीत कापूस, कापसात गावच्या ओढ्यातून निघालेला, इथं कधीकाळी समुद्र होता तेव्हाचा, एखादा दात नाहीतर शिंपला, आणि त्याखाली चिठ्ठी: काय, कुठे, कधी, आणि 'शोधक: घे. ब्रुमार'. घेरासिम ब्रुमार, भूगोलाचे मास्तर, सावेताचे यजमान. सहा वर्षांपूर्वी वारले.

म्युझियमनं धाडलेली ही तिशीतली मुलगी सकाळपासून एकेक पेटी उघडून तपासत होती. खरं निघेल ते सिबिउला जाणार.

"आणि खोटं निघेल ते?" सावेतानं सकाळीच, सहज विचारल्यासारखं, विचारून घेतलं होतं.

"ते तुम्हाला परत. यादीत फक्त कारण लिहायचं."

यादी गावच्या कचेरीच्या दारावर लागणार होती. एकशे तेरा नंबरसमोरचं कारण सावेताला पाठ होतं. डुक्कर.

शोध मास्तरांचे, कंबर सावेताची, अशी ब्रुमारांच्या घरातली वाटणी होती. गुडघ्यांमुळे मास्तरांना पाण्यात उतरता येत नसे. ते काठावर स्टुलावर वही घेऊन बसत. सावेता पोटरीभर पाण्यात उभी राहून मक्याच्या पिठाची चाळणी हलवी. वाळू खाली जायची, खडे वर राहायचे. चाळणी उन्हाकडे तिरपी धरली की खड्यांमधून गव्हाच्या दाण्याएवढा काळा दात आपण होऊन चमकायचा. "मिळाला! मला मिळाला!" मास्तर काठावरून ओरडायचे.

१९९४ च्या एप्रिलात चाळणीत एक दाढ आली. अंगठ्याच्या नखाएवढी, काळी, वर बोथट उंचवटे. मास्तरांनी तीन आठवडे एक जर्मन पुस्तक पालथं घातलं आणि निकाल दिला: शिंपले फोडून खाणाऱ्या अज्ञात माशाची दाढ, बहुधा नवीन जात. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात दाढ कमी आणि मास्तर जास्त होते.

त्याच वर्षी नाताळाआधी घरचं डुक्कर कापलं. थिजवायच्या रश्श्यासाठी सावेतानं मुंडकं शिजायला घातलं. मांस सुटलं, जबडा हातात आला, आणि मागच्या दाढा तिला ओळखीच्या वाटल्या. तिनं खोलीतून काडेपेटी आणली, दाढ जबड्याशेजारी धरली. रंग सोडला तर सख्ख्या बहिणी. आणि रंगाचं काय, ओढ्याच्या चिखलात चमचासुद्धा काळा पडतो. पुलावरून जबडे ओढ्यात भिरकावायची गावाची रीत पणजोबांपासूनची. त्यात सावेताचे स्वतःचेच वीसेक जबडे होते.

"झाला का गं रस्सा?" मास्तरांनी बाहेरून विचारलं.

"थिजायचाय अजून," ती म्हणाली आणि जबडा चुलीत सारला.

नवऱ्याचं घोरणं, नवऱ्याची बहीण, नवऱ्याचं गाणं, सगळ्यांविषयी तिनं आपलं मत त्याला तोंडावर ऐकवलं होतं. हे एक मात्र एकोणतीस वर्षं गिळून ठेवलं.

"वहिनी, समुद्र कुठवर आला?"

दारात झाहारिए उभा होता. वय ऐंशी, अख्ख्या गावाची डुकरं त्यानं कापलेली. वर्तमानपत्रातला फोटो बघून यानंच भर दुकानात म्हटलं होतं, 'असल्या दाढा मी दर नाताळला बादलीनं फेकतो.' पुढची तीन वर्षं सावेतानं डुक्कर कापायला परगावचा माणूस बोलावला होता.

"तुम्ही कशाला आलात, भावजी?"

"तज्ज्ञ म्हणून," झाहारिए म्हणाला आणि पहिलीच्या बाकावर कसाबसा मावला.

एकशे नऊ बरोबर. एकशे दहाची जात चुकली होती, पण दात खरा. एकशे अकरा, बारा बरोबर. इलिंकानं एकशे तेरा उघडली. चिठ्ठी वाचली. दाढ भिंगाखाली धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ही ओढ्यातच मिळाली?"

"पुलाखाली," बाकावरून उत्तर आलं. "बरोबर जिथं मी बादली..."

"मी टाकली होती ती," सावेता एकदम म्हणाली.

इलिंकानं भिंग खाली ठेवलं. "काय टाकली होती?"

"दाढ. डुकराची आहे ती. मास्तरांची थट्टा करायची म्हणून मीच चाळणीत टाकली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! यादीत माझं नाव लिही, पोरी. बायकोनं फसवलं, असं लिही."

झाहारिएनं टोपी काढली. "वहिनी, असं कशाला... मी काही बोलणार नव्हतो हो."

"तुम्ही गप्प बसा."

इलिंकानं भिंग पुन्हा उचललं, दाढेच्या मुळाशी धरलं. मग म्हणाली, "काकू, ही जर तुम्ही टाकली असेल, तर तुमचं वय चार कोटी वर्षं आहे."

तिनं भिंग सावेताच्या हातात दिलं आणि सुईच्या टोकानं दाढेच्या तुटक्या मुळातली पोकळी दाखवली. पोकळीत करडा दगड घट्ट बसला होता, आणि त्या दगडात मसुराएवढी गोल, चपटी शिंपली रुतलेली.

"ही शिंपली समुद्रतळाची. चिखल आत शिरला, त्याचा दगड झाला. गावच्या डुकराला हे जमायचं नाही. ही समुद्रगाईची, म्हणजे समुद्रातलं गवत चरणाऱ्या एका अवाढव्य प्राण्याची दाढ आहे. डुकराच्या दाढेशी गल्लत सगळ्यांचीच होते, आमचे विद्यार्थी दरवर्षी करतात."

"म्हणजे यांचं बरोबर होतं?"

"छे! ते मासा म्हणतायत. साफ चूक आहे."

"पण डुक्कर नाही."

"डुक्कर नाही."

सावेता खुर्चीत मागे टेकली. आधी तिचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ती इतकी हसली की डोळे पुसायला तिला इलिंकाचा कापूस घ्यावा लागला. "मासा! तीन आठवडे पुस्तक वाचून मासा! आणि मी मेली एकोणतीस वर्षं..."

झाहारिएनं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पोकळीत बघितलं. "माझ्या बादलीतलं नाही हे," त्यानं अधिकृतपणे जाहीर केलं. मग जरा विचार करून विचारलं, "समुद्रगाय धरायला माणसं किती लागत असतील?"

इलिंका नवी चिठ्ठी लिहायला लागली. सावेता तिच्या हाताकडे बघत होती.

"आणि यांची चिठ्ठी? ती फेकणार?"

"नाही हो. जुनी चिठ्ठी आम्ही कधीच फेकत नाही. चुकीची असली तरी खाली घडी करून ठेवायची. कोणाला कधी काय वाटलं होतं, ते पुढच्याला कळायला नको?"

सावेतानं यावर थोडा विचार केला. मग हात पुढे केला. "एक कोरी चिठ्ठी मला दे."

तिचं अक्षर मास्तरांसारखं नव्हतं. ओळी उताराला लागल्या, पण मजकूर मावला: 'डुक्कर. मत: सावेता ब्रुमार. डिसेंबर १९९४ ते आज सकाळी अकरा.' दोनशे बारा पेट्यांत तिचं नाव पहिल्यांदाच पडत होतं.

इलिंकानं चिठ्ठी वाचली, चेहरा सरळ ठेवला आणि रीतसर घडी घातली. तळाशी मास्तरांची, त्यावर सावेताची, सगळ्यात वर तिची स्वतःची. मग कापूस, मग दाढ. तीन चिठ्ठ्यांनी काडेपेटी बंद होईना. सावेतानं ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली, आणि इलिंकानं एकशे चौदा उघडली.