दहा अन् आठ, सहा

मी घड्याळ बोलतोय. बंद पडलोय, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा ऐकून घ्या.

पवनारचे मनोहरराव वांगी विकून परत येताना मला वर्ध्याच्या बाजारातून घेऊन आले. शोभेसाठी नव्हे हं! वावरातल्या पाण्याच्या मोटरीला लाइन, म्हणजे वीज, मिळायची आठच तास, आणि कधी येईल याचा नेम नाही. लाइन आली की ते माझ्यावर बोट फिरवून आठ घरं मोजायचे. दहाला आली, म्हणजे सहाला जाणार. तेवढ्यात सगळे वाफे भिजले पाहिजेत.

पुढं नात झाली, खुशी. तिला त्यांनी यातूनच कोडी घालायला सुरुवात केली.

"खुशे, दहा अन् आठ किती?"

"अठरा!"

"थे शाळेत. आपल्या घड्याळात?"

पोरगी माझ्यावरची घरं मोजायची आणि ओरडायची, "सहा!" मग दोघं इतकी हसायची की माझी टिकटिक मलाच ऐकू येत नसे.

यंदा मनोहररावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ अडखळू लागली. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं आणि त्याच आठवड्यात मीही थांबलो. सेल बदलून पाहिला, काही उपयोग झाला नाही. बंद घड्याळ घरात टांगू नये म्हणतात. त्यांच्या मुलानं, प्रफुल्लनं, मला उतरवून दारापाशी रद्दीला टेकवलं.

त्याच सकाळी डॉक्टर तपासायला आले. प्रफुल्ल म्हणाला, "वावर ठेक्यानं देतो म्हणतो. बाबाले विचारलं असतं, पण त्यायले काही समजते का, थेच समजून नाई राह्यलं."

बापाच्या समोर म्हणाला हो! माझा जीव तुटला.

डॉक्टरांनी विचारलं, "काका, नऊ आणि सात किती?"

मनोहररावांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं नुसता खिळा होता. नजर फिरत फिरत दारापाशी माझ्यावर आली. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "चा...र."

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. प्रफुल्लनं तोंड फिरवून डोळे पुसले.

"बरोबर हाये!" खुशी ओरडली. तिनं मला उचलून आजोबांपुढं धरलं. "आबाजी घड्याळातलं सांगून राह्यले. आबाजी, अकरा अन् सहा?"

"पाच."

"आठ अन् सात?"

"तीन."

डॉक्टरांनी माझ्यावर बोट ठेवून स्वतः मोजलं. मग प्रफुल्लला म्हणाले, "यांना सगळं समजतं. विचारा त्यांना."

प्रफुल्ल बाजेवर बसला. "बाबा, चुकलो मी. वावर देऊ का ठेक्यानं?"

"ना...ई."

मी पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. काटे सव्वादहावर अडकलेत, पण आकडे जागच्या जागी आहेत, आणि कोड्याला तेवढेच लागतात. तुमच्याही घरात कुणी असं थांबलेलं असेल. त्याचं उत्तर चुकलं म्हणण्याआधी तो कुठं पाहून बोलतोय, एवढं बघा. माझं मागणं एवढंच.

वावरात यंदाही वांगी आहेत. लाइन आली की प्रफुल्ल दारातूनच विचारतो, "बाबा, अकराले आली. कवा जाईन?"

मनोहरराव माझ्याकडे पाहतात. प्रफुल्ल दारात थांबून राहतो.

"सातले."