मनूचे निरोप

स्वानंदनं बेडरूमचं दार लोटलं आणि कडीचा आवाज नको म्हणून ते तसंच किलकिलं राहू दिलं. पलीकडे हॉलमध्ये मनस्वीनं, त्यांच्या मनूनं, खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि इंग्रजीत कुणाला तरी 'गुड मॉर्निंग' म्हणाली. मुलाखत सुरू झाली होती.

रुचिरानं खिडकीची काच सरकवली. खांदा कॉलनीच्या रस्त्यावरचा रिक्षांचा गोंगाट दबला. पंखा आधीच बंद होता. ती पलंगाच्या खिडकीकडच्या टोकाला बसली, स्वानंद दाराकडच्या. मध्ये मनूनं नको म्हणून टाकलेला निळा कुर्ता पडला होता.

"तुम्ही दोघं खाली बागेत जाऊन बसा ना," असं मनू सकाळी म्हणाली होती. पण नेट गेलं तर आपण घरात असावं, असं स्वानंदला वाटलं. तो थांबणार म्हटल्यावर रुचिरालाही एकटीनं खाली जाऊन बसणं बरं दिसेना.

मुलाखत ज्या कॉलेजची होती ते बेंगळुरूच्या बाहेर होतं, खासगी आणि निवासी. इतिहास, गणित, नाटक, पर्यावरण, काहीही एकत्र शिकायचं आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षी ठरवायचा. स्वानंदला पहिल्यांदा हे ऐकून धड काही कळलं नव्हतं. "म्हणजे शेवटी तू होणार कोण?" त्यानं विचारलं होतं. मग थोडं थांबून, "आईला विचार, तिला पटतंय का." मनू स्वयंपाकघरात जाऊन आली होती. "आई म्हणते, एकदा नीट बघू या सगळे मिळून."

या घरात असंच चालायचं. भांडण म्हणावं असं काही झालेलं नव्हतं. मनू दहावीत असताना रुचिराला बँकेत बढती मिळाली होती, रत्नागिरीला. ती अजून विचार करत होती, आणि नात्यातल्या एका लग्नात, पंगतीत, स्वानंद तिच्या भावाला सहज म्हणाला होता, "छे, ती कुठे जातेय!" रुचिरानं ते ऐकलं. ती गेली नाही. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत, आणि मग हळूहळू बाकीच्या गोष्टींवरही बोलेनाशी झाली. गॅस संपला, पाहुणे येणार, गाडी सर्व्हिसिंगला न्यायची, सगळं मनूतर्फे. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची आणि उत्तर घेऊन यायची. पाहुण्यांना काही कळायचं नाही. खरं तर त्या दोघांनाही आता त्यात वेगळं काही वाटत नव्हतं.

हॉलमधून मनूचा आवाज स्पष्ट येत होता. कानाला हेडफोन लावल्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा तिला अंदाज नव्हता. समोरच्यांचे प्रश्न ऐकू येत नव्हते, फक्त तिची उत्तरं. उरणच्या मिठागरांवर केलेल्या प्रकल्पाबद्दल ती बोलली. हे उत्तर स्वानंदनं तिच्याकडून तीन-चारदा म्हणून घेतलं होतं. ती कुठेही अडखळली नाही. त्यानं मांडीवर बोटं टेकवली आणि समाधानानं मान हलवली. उलव्याच्या बाजूनं एक विमान इमारतीवरून गेलं. ते जाईपर्यंत मनू थांबली, "सॉरी, विमान," म्हणून हसली.

मग पुढचा प्रश्न आला असावा. ती बराच वेळ गप्प होती.

"मी केलेली अशी एखादी गोष्ट," ती प्रश्न स्वतःशी म्हटल्यासारखा परत म्हणाली, "जी बरोबर होती की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

स्वानंदनं मान वर केली. याची तयारी त्यांनी केली नव्हती.

"मी माझ्या आई-बाबांचे निरोप बदलते," मनू म्हणाली.

रुचिरा कुर्त्याची घडी घालत होती. तिचा हात थांबला.

"ते एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे वाईट माणसं नाहीत ती. दोघंही माझ्याशी खूप छान वागतात. पण एकमेकांना काही सांगायचं असेल तर मला सांगतात, आणि मी जाऊन सांगते. सुरुवातीला मी जसंच्या तसं सांगायचे. मग एकदा जेवताना ते दोघं ज्या चेहऱ्यानं बसले होते ना, ते बघून मी ठरवलं की थोडं बदलायचं. नंतर थोडं राहिलं नाही."

उदाहरण विचारलं असावं.

"आईला डेंग्यू झाला होता. ती ॲडमिट होती. बाबा खाली गाडीत होता. मला म्हणाला, आईला सांग ऑफिसात ऑडिट आहे, मी संध्याकाळी येतो. मी वर गेले. आईनं विचारलं, आला नाही का तो? तिच्या हाताला सलाईन होतं. मी म्हणाले, बाबा दारापर्यंत आला होता. तुला असं बघून त्याला आत यायची भीती वाटली."

स्वानंदनं रुचिराकडे पाहिलं नाही. तो दाराच्या फटीकडे बघत राहिला. उठून दार पूर्ण बंद करावं असं त्याला वाटलं, पण उठला नाही.

रुचिरा पाठ ताठ करून बसली होती. त्या दुपारी, बाजूच्या खाटेवरची बाई झोपलेली असताना, ती भिंतीकडे तोंड करून रडली होती. आजाराच्या आधीच्याच आठवड्यात तिनं भावाला फोन करून विचारलं होतं, मी मनूला घेऊन काही दिवस तुझ्याकडे येऊ का. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं भावाला कळवलं की आता नको. माणसाला बोलता येत नाही म्हणून त्याला काही वाटतच नाही असं थोडंच असतं, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. त्या एका वाक्यावर तिनं पुढचे सगळे दिवस काढले होते.

ते वाक्य मनूचं होतं.

"हो, आईचेही बदलते," मनू बोलतच होती. "बाबाची नोकरी गेली होती. न्हावा शेवाच्या एका मालवाहतूक कंपनीत होता तो, खूप वर्षं. आई मला म्हणाली, त्याला सांग, असं दिवसभर घरात पडून राहिल्यानं नोकरी मिळत नसते. तो गॅलरीत बसला होता. मी सांगितलं, आई म्हणते थोडे दिवस कुठे शोधू नकोस, दमलायस तू. मग तो दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी उठून त्यानं दाढी केली."

आता रुचिरानं मान वळवली. स्वानंद तसाच बसला होता, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कुणीतरी भर रस्त्यात थांबवून अंगावरचा सदरा मागावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. दोघांची नजर एकदाच भेटली. तिनं ते वाक्य कधीच म्हटलं नव्हतं हे त्याला कळलं होतं, आणि त्याला ते कळल्याचं तिलाही कळलं.

"नाही, त्यांना माहीत नाही," हॉलमधून आवाज आला. "मला आधी वाटायचं, मी घर सांभाळलं. आता वाटतं, त्यांना एकमेकांशी बोलायची गरजच मी शिल्लक ठेवली नाही. म्हणून मला माहीत नाही, बरोबर की चूक." मग जरा हसून, "तुम्ही मगाशी विचारलं होतं ना, इतक्या लांब का यायचंय. मी अभ्यासक्रमाचं सांगितलं. ते खोटं नाहीये. पण मला काही दिवस फक्त माझंच बोलायचंय."

त्यानंतरचं त्या दोघांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मनूची हाक आली, "आई, बाबा, येता का? त्यांना तुमच्याशीही दोन मिनिटं बोलायचंय."

ते आले. मनूच्या एका बाजूला रुचिरा बसली, दुसऱ्या बाजूला स्वानंद. पडद्यावर आखूड केसांची एक प्राध्यापिका होती आणि तिच्या शेजारी एक तरुण माणूस. दोघं अगदी आदरानं हसली. त्यांना सगळं माहीत होतं. एरवी स्वानंदनं कोट नाही तर निदान इस्त्रीचा शर्ट घालून, नीट बेतलेली चार वाक्यं म्हटली असती. शर्ट त्यानं घातला होता.

"मुलगी एवढ्या लांब राहणार, तुमची तयारी आहे ना?" प्राध्यापिकेनं विचारलं.

"हो," रुचिरा म्हणाली.

"ती गेल्यावर घरात कशाची उणीव वाटेल?"

प्रश्न साधाच होता, सगळ्या पालकांना विचारत असतील. स्वानंदनं टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवला.

"आम्हाला बोलावं लागेल," तो म्हणाला.

मनूनं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग आईकडे. पडद्यावरची प्राध्यापिका म्हणाली, "थँक यू. आम्ही कळवू."

लॅपटॉप मिटल्यावरही तिघं तशीच रांगेत बसून होती.

"ऐकू येत होतं?" मनूनं विचारलं.

"हो," रुचिरा म्हणाली.

"सगळं?"

स्वानंदनं बेडरूमच्या किलकिल्या दाराकडे पाहिलं. मनूचा चेहरा उतरला. तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण रुचिरानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा, जरा खाली जाऊन ये," ती म्हणाली. "तू काही केलेलं नाहीस." मनू चपला घालून गेली. लिफ्टची वाट न पाहता ती जिन्यानं उतरल्याचं ऐकू आलं.

मधली खुर्ची रिकामी झाली. ती दोघं तिच्या दोन बाजूंना राहिली.

"त्या दिवशी," रुचिरा समोर बघत म्हणाली, "तू वर आलाच नव्हतास?"

इतक्या दिवसांत ती त्याच्याशी थेट बोलली नव्हती.

"नाही. खालूनच गेलो."

"ऑडिट होतं?"

"होतं." मग तो म्हणाला, "पण तासभर उशिरा गेलो असतो तरी चाललं असतं."

"भीती वाटली होती का?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला तेच हवं होतं, आणि मुलीनं ते आधीच म्हणून ठेवलं होतं. त्यानं खरंच आठवून पाहिलं. पार्किंगमधलं ऊन आठवलं, उशीर होतोय ही चिडचिड आठवली.

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी नाही वाटली."

रुचिरानं मान हलवली. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण तो लगेच आला नाही.

"मी दमलेला दिसत होतो का?" त्यानं विचारलं. "तेव्हा. गॅलरीत."

"माझं लक्षच नव्हतं," ती म्हणाली. "मला फक्त राग येत होता."

"रत्नागिरीचा?"

"रत्नागिरीचा."

थोड्या वेळानं ती उठली आणि कुकर लावायला गेली. तो तिथेच बसला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मनू परत आली तेव्हा जेवण वाढलेलं होतं. वरण जरा खारट झालं होतं. "मीठ जास्त पडलंय," स्वानंद म्हणाला. मनू सवयीनं आईकडे वळली. "ऐकलं मी," रुचिरा म्हणाली.

मनूनं निरोप न्यायचे बंद केले. तिनं तसं सांगितलं नाही, पण तिला कुणी काही सांगितलं की ती म्हणायची, "आई आत आहे," किंवा "बाबा गॅलरीत आहे." त्यामुळे घरात बरेच दिवस काहीच बोललं गेलं नाही. गॅस संपला तेव्हा कुणाला आधी कळलं होतं यावरून चक्क भांडण झालं, अगदी शेजारी ऐकू जाईल असं. त्यात रत्नागिरीही आली आणि ते लग्नही. मनू तिच्या खोलीत कानात बोटं घालून बसली. मग कानातली बोटं काढून ऐकत बसली.

मार्चमध्ये, एका कामाच्या दिवशी दुपारी, मनूचा फोन आला. ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. स्वानंद आता कळंबोलीतल्या एका लहान कंपनीचं काम घरून करत होता.

"बाबा, झालं. मला घेतलं त्यांनी." तिला धाप लागली होती. "आईला तू सांग."

"तूच कर ना फोन. तिला आनंद होईल."

"तू सांग," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रुचिराचा नंबर त्याला शोधावा लागला. शेवटचा कधी लावला होता ते आठवेना. पनवेल गावातल्या तिच्या शाखेत ती काउंटरमागे होती. पडद्यावर स्वानंदचं नाव पाहून तिनं हातातले कागद शेजारच्या सुनीताकडे सरकवले आणि उभी राहिली.

"मनूला काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. काही नाही झालं."

"मग कुणाला काय झालं? स्वानंद, सांग लवकर."

आपण फोन करतो तो फक्त कुणाला काही झालं तरच, असं तिला वाटावं याचा त्याला धक्का बसला. दोन क्षण तो बोलू शकला नाही, आणि तेवढ्यात रुचिरानं काउंटरची कड घट्ट धरली.

"तिचं झालं," तो म्हणाला. "बेंगळुरूचं. घेतलं तिला."

रुचिरा खाली बसली. सुनीतानं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं हातानंच नको म्हटलं. डोळे भरून आले होते, पण ते आनंदानं की आत्ताच्या घाबरण्यानं, हे तिला सांगता आलं नसतं. तो फोनवर होता, श्वास ऐकू येत होता.

"तिनं सांगितलं तुला फोन करायला?" तिनं विचारलं.

"हो. तिनंच सांगितलं."

"बरं."

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही नाही. काउंटरपलीकडे एक गृहस्थ पासबुक हातात घेऊन ताटकळत होते.

"आज लवकर ये घरी," स्वानंद म्हणाला. मग त्याला ते फार झालं असं वाटलं असावं. "म्हणजे, जमलं तर. नाही जमलं तरी काही अडत नाही."

रुचिरानं फोन कानाशी धरून ठेवला. शेवटचं वाक्य मनूनं तिच्यापर्यंत येऊच दिलं नसतं.

"बघते," ती म्हणाली.