भीमाबाईच्या पोटातलं दूध

भीमाबाईच्या दारात ही गर्दी! कोपरगावाजवळच्या आमच्या वस्तीवरची झाडून सगळी माणसं आत घुसायला धडपडत होती. मी शेजारच्या रतनबाईला विचारलं, "काय झालं हो?"

"मास्तर, देवीला पान्हा फुटला! भीमाबाईच्या पोटातनं दूध येतंय!"

झालं, एवढंच ऐकायचं राहिलं होतं. उभी हयात पोरांना विज्ञान शिकवलं, आणि माझ्याच वस्तीत हे!

भीमाबाईच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी पिशवीत काढायचं, म्हणजे रक्तातली घाण त्याबरोबर निघून जाते. हे सगळं ती घरीच करायची, दार लावून, तोंडाला मास्क बांधून, एकटी. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. पोटाला नळी म्हणून बायका तिच्या हातचा चहासुद्धा घेत नसत. मी रस्त्यावरून हाक मारायचो, ती आतून "बरी हाय" म्हणायची. कित्येक दिवस तिचं बोलणं तेवढंच व्हायचं.

आत, काही दिवसांपूर्वी वस्तीवर मुक्कामाला आलेले बुवा, पुंजाराम महाराज, भरलेली पिशवी उंच धरून उभे. पाणी पांढरट, गढूळ.

"बघा लेकरांनो! डॉक्टर म्हनतो घाण, आई म्हनते दूध! रोज गंगामाईच्या पान्यानं नळीचं तोंड धुतलं, इटाळ गेला, आन् आई पावली!"

गंगामाई म्हणजे आमची गोदावरी. माझं डोकंच सणकलं.

"रतनबाई, लिंबू आणा. दूध असेल तर नासेल."

पिशवीतलं थोडं पाणी वाटीत घेऊन त्यात लिंबू पिळलं. काही झालं नाही.

"देवीचं दूध कधी नासतंय व्हय?" महाराज गरजले. लोकांनी टाळ्या पिटल्या. "तुमी किरिस्ताव मानूस, जोसेफ मास्तर, तुमाला काय कळायचं?"

"आमच्यातही तेल चोळून कॅन्सर घालवणारे आहेत. त्यांच्याशीही मी असाच भांडतो!"

पण ऐकतो कोण! तेवढ्यात माझं लक्ष भीमाबाईकडे गेलं. नवं लुगडं नेसून ती भिंतीला टेकली होती, ओठ सुकलेले. हात धरला तर चटका बसला. मी दरडावून सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं.

"पोट दुखतंय?"

"लई."

"नर्सबाईंनी सांगितलं नव्हतं, पाणी गढूळ आलं की लगेच फोन करा म्हणून?"

"सांगितलं हुतं. दूध न्हाई ते, म्हाईत हाय मला." बाहेर गलका चालला होता, तो ती ऐकत राहिली. "पन मास्तर, किती दिसांनी घरात मानसं आली. रतननं माझ्या हातचा चा पिला. दवाखान्यात गेले की पुन्हा कोन येतंय?"

"भीमाबाई, तुम्हीच मेलात तर चहा कोण पाजणार?"

ती कशीबशी उठली. गाडी करून तिला नगरला नेलं. डॉक्टरांनी पाणी तपासलं. त्यात पू होता. माती-पाण्यात राहणारी एक बुरशी निघाली, माणसाच्या पोटात फार क्वचित सापडणारी. नदीचं पाणी लावलेल्या नळीच्या तोंडातून ती थेट आत शिरली होती. तिच्याशी लढायला शरीरातल्या पांढऱ्या पेशी धावल्या आणि पाणी गढूळलं. चमत्कार म्हणायचा तो एवढाच. नळी काढून टाकावी लागली, पण भीमाबाई वाचली. आता तिला मशीनवरच्या डायलिसिससाठी दवाखान्यात खेपा घालाव्या लागतात.

ती परतली तेव्हा महाराज दुसऱ्या वस्तीवर गेले होते. तिला बघायला कुणी आलं नाही, रतनबाईसुद्धा नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. अशा नळीला तीर्थ, अंगारा, काही म्हणजे काही लावू नका. पाणी गढूळ दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बुवांना शिव्या देऊन झाल्या की शेजारच्या आजारी माणसापाशी जाऊन बसा. भीमाबाई त्या थापांना भुलली नव्हती. घरात माणसं यावीत म्हणून ती मरायला तयार झाली होती.