लिस्बनमध्ये धरलेली सीट

मी एक जुना दुपट्टा आहे, मित्रांनो, आणि मला थोडा गर्व आहे. तो का, ते ऐका.

दिग्रसच्या बाजारातून मला नेरच्या पुंडलिकरावांनी आणले. ऊन लागले की डोक्यावर, एरवी खांद्यावर. पण माझे खरे काम एसटी स्टँडवर. गाडी थांबायच्या आत पुंडलिकराव मला खिडकीतून आत टाकत. मी पडलो ती सीट त्यांच्या पत्नीची, इंदूबाईंची. त्यांचे गुडघे दुखतात. चौदा वर्षांत मी एकदाही चुकलो नाही.

मग त्यांचा मुलगा पियुष लिस्बनला नोकरीला गेला आणि त्याने आईबाबांना बोलावले. "इथं तो दुपट्टा कायले आणता?" तो फोनवर म्हणाला. मग मला लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तीन आठवडे झाले. ते शहर म्हणजे नुसते चढ आणि पायऱ्या. ट्राममध्ये पर्यटकांची ही गर्दी. इंदूबाईंनी शहर पाहिले ते घराच्या खिडकीतूनच.

"मले उभ्यानं जमत नाही," त्या शेवटच्या दिवशी म्हणाल्या. "तुमी जा. मंग मले सांगा कसं होतं थे."

पुंडलिकरावांनी मला बरणीवरून सोडवले, खांद्यावर टाकले आणि इंदूबाईंना हाताला धरून थांब्यावर आणले.

पिवळी ट्राम आली. खिडकीजवळची एक बाई उठली आणि मी आत.

"बाबा, हे नेरचं स्टँड नोहे," पियुष लाजून म्हणाला.

"खिडकी त हाय ना?"

पण तिथे रांगेने, पुढच्याच दाराने चढतात. यांची पाळी येईपर्यंत दार लागले. ट्राम निघाली आणि मी एकटाच लिस्बन पाहायला निघालो.

बोळांत दोऱ्यांवर वाळणारे आमचे भाऊबंद दिसले. खाली समुद्राएवढी रुंद नदी दिसली. पण माझा जीव सीटमध्ये. एक उंच माणूस बसायला वाकला, तेवढ्यात शेजारच्या म्हातारीने माझ्यावर हात ठेवून नकारार्थी मान हलवली. उतरताना ती मागच्या बाईला खुणेने बजावून गेली. त्या बाईनेही मला हलू दिले नाही.

ती ट्राम गोल फिरणारी होती. अर्ध्या तासाने ती त्याच थांब्यावर आली, तेव्हा पुंडलिकराव रांगेत सगळ्यांत पुढे होते. आत गर्दी मावत नव्हती. माझी सीट रिकामी होती.

इंदूबाई बसल्या. मला त्यांनी मांडीवर घेतले.

"बसली का?" पुंडलिकरावांनी उभ्यानेच विचारले.

"बसली. आता पाहू द्या मले."

पियुषने माझा फोटो काढला. काढणारच.

म्हणून सांगतो, मित्रांनो, सीटवर एखादे जुनेपाने कापड दिसले तर ते उचलून फेकू नका. कोणाचे तरी दुखरे गुडघे मागून येत असतात.